तिच्या वाटणीचं चावणं

आमच्या नातीला सगळे दात काढून टाकायचे होते. किडका एखादा नव्हे, सगळे. वय तेरा. आणि ही मागणी तिनं दातांच्या डॉक्टरीणबाईंपुढे खुर्चीत बसून, हाताची घडी घालून, न्हाव्याला केस किती कापायचे ते सांगावं तशी केली.

"वरचे आणि खालचे, दोन्ही काढा. मग मला आजीसारखी कवळी द्या."

डॉक्टरीणबाई फक्त लहान मुलांचे दात बघतात. त्यांच्या खोलीत भिंतीवर जिराफ आहे आणि छताला कागदी मासे टांगलेत, म्हणजे खुर्ची मागे झुकली की पोरांना वर बघायला काहीतरी असावं. त्यांनी हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी माशांकडे पाहिलं.

"आजोबा, तुम्ही काही बोलणार आहात का?"

"मी नुसता सोबतीला आलोय."

"आजीपण सोबतीलाच यायच्या. पण त्या बोलायच्या."

"बोलण्याचं खातं तिच्याकडेच होतं," मी म्हणालो.

खरी अडचण तिथंच होती. बोलण्यासारखं माझ्याकडे होतं, पण ते न बोलण्याचं वचन मी हिला दिलेलं होतं. ही म्हणजे माझी बायको. हिवाळ्यात गेली. माणूस गेल्यावर वचन सैल होतं असं म्हणतात. मला तर ते उलट आवळल्यासारखं झालं, कारण सोडवून घ्यायला समोर कुणी राहिलं नाही. आता सगळ्या घराला सगळं कळलेलं आहे, म्हणून सांगायला हरकत नाही.

नातीच्या दातांचं असं आहे. दातावर जे टणक कवच असतं ते तिच्या दातांवर जन्मापासून कच्चं. घर नीट बांधलं, पण गिलावा करणारा गवंडी काम अर्धवट टाकून पळाला, तसं. दुधाचे दात आले तेच पिवळट-तपकिरी आणि खरखरीत. गार लागलं की कळ, गरम लागलं की कळ, ब्रश लावला तरी कळ. भिंतीचे पोपडे पडावेत तसे कडेचे कपचे निघायचे. सूनबाईनं आधी चॉकलेटं बंद केली, मग उठता-बसता दात घासायला लावले, मग पोरीलाच रागावून झालं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं की यात खाण्याचा दोष नाही, घासण्याचा नाही, हे रक्तातून येतं.

सूनबाईनं घरी येऊन विचारलं, "कुणाच्या रक्तातून?" आणि आमच्या बाजूला पाहिलं.

माझे दात उंटासारखे, मोठे, पिवळे आणि दगडासारखे पक्के. मी सुटलो. मग तिची नजर हिच्याकडे गेली. हिचे तर मोती. सूनबाई मुकाट्यानं स्वतःच्या माहेरची तोंडं आठवू लागली. ही गप्प बसली. मीही बसलो.

पण एक दिवस नात शाळेतून रडत आली. दुसरीत होती. वर्गातल्या कुणीतरी तिला "गंजकी" म्हटलं होतं. जेवायला बसली तरी रडणं थांबेना. तिच्या आईनं समजावलं, बापानं खेळणं कबूल केलं, काही उपयोग झाला नाही. तेव्हा ही उठली, नातीच्या समोर जाऊन उभी राहिली, तोंडात दोन बोटं घातली आणि खटकन वरची कवळी काढून हातात धरली. मग खालची.

आमच्या मुलाचा घास वाटेतच थांबला. चाळिशीला आलेला माणूस. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपल्या आईच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही.

"आई, हे कधीपासून?"

ती कवळी परत बसवून म्हणाली, "तू जन्मायच्या आधीपासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू विचारलंस कधी?"

नातीचं रडणं बंद झालं होतं. ती आजीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "परत कर." हिनं परत केलं. त्या जेवणात हिनं ते किती वेळा केलं देव जाणे. शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, आता राहू द्या, मला जेवायचंय."

मग हिनं नातीला मांडीवर घेऊन आपली गोष्ट सांगितली. माझेही अस्सेच होते, खारूताई. (नातीला ती खारूताई म्हणायची, बाळ असताना पोरगी पाळण्याची कड कुरतडायची.) एकोणिसाव्या वर्षी सगळे काढून टाकले आणि कटकट मिटली. तेव्हापासून दात दुखणं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. घासायचे तेही हातात घेऊन, भांड्यासारखे.

हे सगळं खरं होतं. डॉक्टरीणबाईंनाही ते सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की तुमच्या घरात हे दोन्ही बाजूंनी आलेलं दिसतंय, एका बाजूनं भागत नाही. त्या दिवसापासून रक्ताचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

पण हिनं सांगितलं ते अर्धंच होतं.

मी वजनकाटे दुरुस्त करायचो. दुकानादुकानांत जाऊन काटा सरळ करायचा, वजनं तपासायची. हिच्या वडिलांच्या दुकानातला काटा एका बाजूला झुकत होता, म्हणून मला बोलावलं. ही गल्ल्याशेजारी उभी राहून बघत होती. माझ्या हातातून वजन निसटून माझ्याच पायावर पडलं आणि ही हसली. तिचा वरचा एक दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. ज्याचं पोट काटा सरळ करण्यावर, तो त्या वाकड्या दातावर भाळला. लग्न झाल्यावर कळलं की तो दात विकतचा होता. कवळी करणाऱ्याला हिनंच सांगितलं होतं, एक जरा वाकडा बसव, म्हणजे कुणाला संशय येणार नाही.

ते कळलं तेही गमतीनंच. लग्नानंतर आमच्या घरचं पहिलं मोठं जेवण. ही माझ्या डावीकडे बसलेली. टेबलाखालून तिचा हात माझ्या हातात आला. मी मोहरलो. मग लक्षात आलं, हात केव्हाच परत गेलाय आणि माझ्या मुठीत मटणाचा तुकडा आहे.

"चावा," ती ओठ न हलवता म्हणाली.

मी चावला. पुढची सगळी वर्षं चावतच राहिलो. तरुणपणी काढलेल्या दातांखालचं हाड हळूहळू झिजत जातं, हिरड्या खाली बसतात, कवळी डगमगते. खालची तर नाचायची. सतत कुठंतरी घासून फोड यायचा. काही चावायला गेली की कळ जायची, म्हणून ती भात, रस्सा आणि मऊ ते खायची आणि कडक ते डाव्या बाजूनं माझ्याकडे यायचं. आणि मला ताकीद: माझ्या तोंडातली गोष्ट तुमच्या तोंडून बाहेर जाता कामा नये. कीव केलेली तिला चालत नसे. ताप आला तरी ती डॉक्टरला "तुमची तब्येत कशी आहे" विचारायची.

याचा परिणाम असा झाला की सगळ्या नातेवाइकांत ही "चिमणीएवढं खाणारी" आणि मी खादाड ठरलो. सूनबाई माझा भात मोजून वाढायची. ही गेल्यावर मी वाळलो, तेव्हा लोक म्हणाले, दुःखानं. निम्मं ते होतंच. निम्मं म्हणजे तिच्या वाटणीचं येणं बंद झालं.

तर त्या दिवशी, हिरव्या खुर्चीत नात हाताची घडी घालून बसलेली. डॉक्टरीणबाई स्टूल पुढे ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या.

"हे बघ, तुझे पक्के दात आत्ता कुठे सगळे आलेत. दाढांना स्टीलच्या टोप्या घालू, दुधाच्या दाढांना घातल्या होत्या तशाच. पुढच्या दातांवर दातांच्याच रंगाचा थर देऊ. जबडा वाढायचा थांबला की कायमचे कव्हर."

"म्हणजे पाच-सहा वर्षं डागडुजी."

"हो. डागडुजी."

"आणि थर निघाला की परत डागडुजी."

"हो. पण खाली दात तुझा राहील. आत्ता काढले तर हाड झिजेल."

"आजीचं झिजलं होतं?"

"आजींचं तोंड मी कधी तपासलंच नाही. त्या बसायच्याच नाहीत. म्हणायच्या, माझी मान आखडलीय."

"मग तुम्हाला काय माहीत?" नात म्हणाली. "आजीला काही त्रास नव्हता. आजोबांना विचारा."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. कागदी माशांपैकी एकाची शेपटी तुटली होती, ती मी फार बारकाईनं पाहिली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला दाराशी गाठलं. उजवीकडच्या खालच्या दाढेला चीर गेलीय, म्हणाल्या. पंधरवड्यात टोपी बसली तर वाचेल, नाही तर ती काढावीच लागेल. "आणि एक काढली की ही पोरगी म्हणणार, बघा, एक गेली, आता बाकीच्या पण काढा. कसंही करून तिला आणा."

घरी सगळ्यांचे प्रयत्न झाले. सूनबाईनं पुढच्या आयुष्याचं चित्र रंगवलं. मुलानं सायकल कबूल केली. नात शांतपणे म्हणाली, "सायकल कवळी लावूनही चालवता येते."

दोन-चार दिवसांनी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर नात एकटी ओट्याशी उभी. समोर मक्याच्या लाह्यांचं पातेलं. लाह्या केव्हाच संपल्या होत्या. तळाशी जे न फुटलेले दाणे राहतात, ते एकेक घेऊन ती उजव्या दाढेखाली ठेवत होती आणि डोळे मिटून दाबत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काय चाललंय?"

"लाह्या खातेय."

"लाह्या नाहीत त्या. ते खडे आहेत."

ती थांबली. मग म्हणाली, "दात तुटला की त्यांना काढावाच लागेल."

"आणि बाकीचे?"

"ते नंतर. एकेक करून."

"दुखत नाही?"

"दुखतं. पण तसंही दुखतंच की, आजोबा. शाळेत पाणी पिताना दुखतं. हसले की सगळे तिथंच बघतात. आजीनं एका दिवसात संपवलं. मी किती वर्षं करत बसू?"

मी पातेलं उचललं आणि दाणे कचऱ्यात टाकले. सगळं तिथंच सांगून टाकावं असं मनात आलं. जिभेवर आलेलं परत गिळलं, आणि गिळता गिळता एक गोष्ट सुचली. न बोलण्याचं वचन मी दिलं होतं. न दाखवण्याचं दिलं नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "तुझ्या आईबाबांशी तुझ्या बाजूनं मी बोलतो."

तिनं संशयानं पाहिलं. "अट काय?"

"रविवारी तुझे मामा-मामी जेवायला यायचेत. ते जेवण तू आजीसारखं जेवायचं. आजीच्या खुर्चीवर बसून. एकही घास चावायचा नाही, जीभ आणि टाळू, बस. आणि टेबलावर कुणाला पत्ता लागता कामा नये."

"आजी तर सगळं खायची."

"मग सोपंच आहे."

"आणि कडक काही आलं तर?"

"टेबलाखालून माझ्या डाव्या हातात द्यायचं."

"का?"

"रविवारी विचार."

रविवारी सूनबाईनं भावासाठी जंगी बेत केला. मटण, भाजलेले बटाटे, गाजर-काकडीच्या फोडी, मक्याची कणसं, शेवटी सफरचंदं. दात असलेल्या माणसाला स्वर्ग. नात आजीच्या खुर्चीत, माझ्या डाव्या हाताला बसली आणि तिनं टेबलाकडे अशी नजर टाकली की मला हिचीच आठवण झाली. एखादा पैलवान आखाड्याकडे बघतो तशी.

नातीचा मामा विमा विकतो. त्याला समोरच्याला आग्रह केल्याशिवाय घास उतरत नाही.

"खारूताई, मटण घे की. लाजतेस काय?"

तिनं घेतलं, तोंडात घातलं, गालात धरलं, हातरुमाल तोंडाला लावला, आणि क्षणभरात माझ्या डाव्या मुठीत ऊबदार काहीतरी आलं. मी खाली वाकून खोकल्याचं सोंग केलं आणि तोंडात टाकलं. सवय मोडली नव्हती. मग दुसरा आला. मग तिसरा.

"गाजर?" मामा म्हणाला.

मी तिच्याकडे झुकून पुटपुटलो, "हातात धर आणि बोलत राहा. हातात गाजर असलेला माणूस गाजर खातोय असंच लोकांना वाटतं."

तिनं मामीला शाळेतली कसलीशी लांबलचक गोष्ट सांगितली. गाजर हवेत फिरत राहिलं. मामी मान डोलावत राहिली. गोष्ट संपली तेव्हा गाजर माझ्या खिशात होतं.

कणसं आली. नातीचा चेहरा पडला.

"सुरी घे आणि दाणे सोलून सगळ्यांना वाढ," मी म्हणालो. "वाढणाऱ्याच्या ताटात कुणी बघत नाही."

ती उठली आणि कणसाचे दाणे सोलून एकेकाला वाढू लागली. मामी म्हणाली, "किती गुणी पोर. अगदी आजीवर गेलीय. त्याही अशाच, स्वतः कधी आधी खाल्लं नाही, सगळ्यांना सोलून, कापून द्यायच्या." नातीचा हात मध्येच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. ताटात पाहण्यासारखं बरंच होतं. तोवर माझ्या पोटात दोन माणसांचं जेवण गेलं होतं आणि तिसऱ्याची तयारी चालू होती.

तिच्या ताटात भाताची एक मूद होती, तीही अर्धी. पोरीचं पोट गुरगुरलेलं मला ऐकू आलं.

घात झाला तो शेवटच्या तुकड्यानं. तो मोठा होता, हाडासकट. तिनं दिला, मी घेतला, आणि तो माझ्या बोटांतून सटकून मामाच्या नव्या पँटवर पडला. मामानं खाली बघितलं. सूनबाईनंही बघितलं, आणि तिला दिसलं ते असं: सासऱ्याचा हात नातीच्या मांडीशी, सासऱ्याचे गाल फुगलेले, आणि नातीचं ताट रिकामं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पोरीच्या ताटातलं खाताय?"

तोंडात मटण असल्यामुळे मला काही बोलता येईना.

"हवं असेल तर मागायचं ना, बाबा," मुलगा म्हणाला. "घरात काही कमी आहे का?"

"एकटेपणानं होतं असं," मामी दबल्या आवाजात म्हणाली. "आमच्या शेजारच्या आजोबांनी साबण खाल्ला होता."

"कुणाला तरी दाखवून घ्या," मामा पँट पुसत म्हणाला. "माझ्या ओळखीचे एक आहेत."

मी चावत होतो. तुकडा चिवट होता. नातीनं नुसतं गप्प बसायचं होतं, पैज तिनं जिंकलीच होती. तिच्यावर कुणाचाही संशय नव्हता. सगळा संशय माझ्यावर होता. ती मला बघत होती, माझ्या हलणाऱ्या जबड्याला बघत होती. मग तिनं रुमाल टेबलावर ठेवला.

"आजोबा घेत नाहीयेत. मी देतेय." थोडं थांबून म्हणाली, "आजीपण द्यायची. ना, आजोबा? ती काहीच खाऊ शकायची नाही. ना?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. इतकी वर्षं पाळलेल्या वचनाच्या कसोटीची घडी आली तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं. बरंच झालं. मी मान हलवली. मान हलवू नये असं ठरलेलं नव्हतं.

मुलगा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आई मला सफरचंद कापून द्यायची. मी म्हणायचो, तू घे. ती म्हणायची, मी आत्ताच खाल्लं." त्यानं बशीतलं सफरचंद उचललं आणि परत ठेवलं.

सूनबाई माझ्याकडे बघत होती. "आणि मी तुमचा भात मोजत होते," ती म्हणाली.

"त्यानं फरक पडला नाही," मी म्हणालो. तोवर गिळून झालं होतं.

"मला भूक लागलीय," नात म्हणाली.

तिनं बटाटा घेतला. डाव्या बाजूनं, हळूहळू, जपून, पण चावून खाल्ला. मग दुसरा घेतला. मामा आग्रह करायला विसरला.

संध्याकाळी मी भांडी धूत होतो आणि ती पुसत होती.

"रोज असं करायची ती?"

"रोज."

"पोट भरायचं?"

"सगळे उठले की स्वयंपाकघरात उभ्यानं दूध-पाव खायची. मी दाराशी उभा राहायचो, कुणी आलं तर खोकायला."

ती एकच बशी पुन्हा पुन्हा पुसत राहिली. "मग मला खोटं का सांगितलं?"

"खोटं नाही सांगितलं. तू रडत होतीस. त्या दिवशी अर्ध्यानं काम भागलं. उरलेलं अर्धं तू मोठी झाल्यावर सांगायचं तिच्या मनात असेल. मला ते माहीत नाही. मी नुसता चावायला होतो."

"पैज मी जिंकले की हरले?"

"मटण पँटवर पडलं, म्हणजे हरलीस."

"ते तुमच्या हातून पडलं."

"मग बरोबरी."

तिनं बशी ठेवली. "त्या दाढेचं," ती म्हणाली, "उद्या जायचं का?"

दाढेची चीर वाढली होती, पण दाढ वाचली. डॉक्टरीणबाईंनी टोपी बसवली. मग उरलेल्या दाढांना बसवल्या. प्रत्येक वेळी नात छतावरच्या माशांना शिव्या देत घरी यायची. नंतर पुढच्या दातांची पाळी आली, आणि तिनं खुर्चीत बसून पुन्हा हाताची घडी घातली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला खरंच काही माहीत नव्हतं.

"हा," तिनं वरच्या एका दाताला बोट लावलं, "शेजारच्यावर जरा चढलेला दिसला पाहिजे."

"वाकडा?"

"जरासा."

"बाळ, माझ्याकडे पोरं वाकडे सरळ करायला येतात."

"आजोबा, दाखवा."

सकाळी निघताना तिनं मला आजीची कवळी बरोबर घ्यायला लावली होती, का ते सांगितलं नव्हतं. मी खिशातून साबणाची डबी काढली आणि उघडली. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेल्या एका छोट्या मुलानं डबीत बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, आणि आईच्या मागे जाऊन लपला. इथं सगळेच काढून डबीत घालून देतात अशी त्याची समजूत झाली असावी. त्याला बाहेर काढायला पुढे बराच वेळ लागला.

डॉक्टरीणबाईंनी कवळी हातात घेऊन उजेडात फिरवली. त्या दातावर बोट ठेवून हसल्या. "हा मुद्दाम वळवलाय. करणारा हुशार होता."

"सांगणारी," मी म्हणालो.

"दात मी वळवणार नाही. पण थर देताना एक कड थोडी पुढे ठेवली तर तसं दिसेल. चालेल?"

त्यांनी थर चढवला, निळा दिवा लावला, घासला, पुन्हा चढवला. मी वाकून बघत होतो. इतक्या वर्षांची सवय. काटा किती झुकलाय ते डोळ्यांना कळतं.

"अजून गुंजभर," मी म्हणालो.

"आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

मी त्या लपलेल्या मुलाशेजारी जाऊन बसलो. आम्ही दोघांनी एकमेकांना धीर दिला.

नात बाहेर आली तेव्हा तोंड मिटून आली. दवाखान्यातल्या मदतनीस मावशी काउंटरवर काहीतरी लिहीत होत्या, त्यांनी वर पाहिलं. नात माझ्यापुढे उभी राहिली आणि हसली. मी खिशातली डबी घट्ट धरली. काही वेळ मला बोलता आलं नाही, आणि या वेळी तोंडात काही नव्हतं.

"जमलंय?" तिनं विचारलं.

"झुकतंय बरोबर," मी म्हणालो.

पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही, फोडी करून दाढांनी चावायचं, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सोडलं. त्या रविवारी जेवण झाल्यावर सूनबाईनं सफरचंद कापलं. नात आता कायम आजीच्या खुर्चीतच बसते. तिनं फोड घेतली, दाढेखाली ठेवली आणि कर्रकन चावली. सगळ्या टेबलाला ऐकू आलं. माझा डावा हात आपोआप टेबलाखाली गेला आणि उघडा राहिला. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

तिच्या आलं. चावता चावताच तिनं बशीतून एक फोड उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुमची," ती म्हणाली. "माझी मी चावतेय."

सूनबाईनं टेबलाखाली डोकावून पाहिलं. "बाबा, परत?"

मला उत्तर देता आलं नाही. तोंडात सफरचंद होतं.